तुमचं मराठी संकेतस्थळ आधी कानाने वाचा

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाचं संकेतस्थळ मी तयार केलं, तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली. सभासद नोंदणी, पुस्तकांची यादी, वर्गणी भरायची सोय, सगळं घरबसल्या. आठवड्याभरात एका जुन्या सभासदांचा फोन आला. माझे शाळेतले मराठीचे सर. निवृत्तीनंतर मधुमेहाने त्यांची दृष्टी गेली. मग ते जिद्दीने स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, शिकले आणि आता रोजचं वर्तमानपत्र संगणकाकडून वाचून घेतात. म्हणाले, "वर्गणी भरायला बसलोय रे, पण तुझं पान काही बोलतच नाही."

मी त्यांच्या घरी गेलो आणि शेजारी खुर्ची ओढून बसलो. सरांनी टॅबची कळ दाबली. संगणक म्हणाला, "एडिट, ब्लँक." पुन्हा दाबली. "एडिट, ब्लँक." तिसऱ्यांदाही तेच: लिहायची चौकट आहे आणि रिकामी आहे, एवढंच. "यातलं आडनाव कुठल्या चौकटीत लिहू?" सरांनी विचारलं. पडद्यावर 'पूर्ण नाव' असं ठळक लिहिलेलं होतं, खाली तीन चौकटी होत्या, आणि कुठल्या चौकटीत काय ते वर बारीक अक्षरात होतं. मला सगळं दिसत होतं. पाऊण तासाने सर म्हणाले, "राहू दे, तूच भर माझ्या वतीने." आणि मोबाइलवर आलेला ओटीपी ऐकून त्यांनी मला मोठ्याने सांगितला.

ओटीपी कुणालाही सांगू नका, असं बँक रोज बजावते. माझ्या पानाने सरांना तो सांगायला भाग पाडलं होतं.

पुढचे काही महिने मी ते संकेतस्थळ दुरुस्त करण्यात घालवले. शाळा, पतसंस्था, दुकान, ग्रामपंचायत, मंडळ यांच्यासाठी तुम्ही पहिल्यांदाच संकेतस्थळ करत असाल, तर तेवढे महिने तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितो आहे. इंग्रजीत या विषयावर भरपूर साहित्य आहे. पण मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो मराठीपुरत्या अडचणींनी, म्हणून त्यांच्यावर जास्त बोलणार आहे.

हाताशी काय हवं

- विंडोज संगणक आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर. तो मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने २००६ साली त्याचं काम सुरू केलं. सोबत येणाऱ्या ईस्पीक आवाजात मराठी आहे. आवाज यांत्रिक वाटतो, पण तपासणीला पुरतो.
- अँड्रॉइड फोन आणि त्यातला टॉकबॅक हा स्क्रीन रीडर. गूगलच्या स्पीच सेवेत मराठी आवाज निवडता येतो.
- क्रोममधलं लाइटहाउस आणि वेव्ह किंवा ॲक्स यांपैकी एक तपासनीस. पानातल्या अशा चुका ही साधनं आपोआप शोधतात.
- डब्ल्यूसीएजी २.२ ही दिव्यांगांनाही संकेतस्थळ वापरता यावं यासाठीची आंतरराष्ट्रीय नियमावली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. ए, डबल ए आणि ट्रिपल ए असे तिचे तीन स्तर आहेत. तुमचं लक्ष्य डबल ए ठेवा.
- कान झाकणारे हेडफोन आणि एक निवांत दुपार.

१. समितीची मंजुरी घ्या

हे काम वेळ खातं, म्हणून आधी अध्यक्ष-सचिवांना पटवावं लागतं. 'आपल्याकडे अंध सभासद आहेत तरी किती?' हा प्रश्न येणारच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, हे सांगा. शिवाय या सोयी लागणारी माणसं या आकड्यापुरती नसतात. मोतीबिंदू पिकलेली आजी, हात प्लास्टरमध्ये असलेला विद्यार्थी, भर उन्हात एसटी स्टँडवर फोन धरून उभी असलेली आशाताई, या सगळ्यांना त्याच सोयी उपयोगी पडतात.

कायद्याचं बोलायचं तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व मान्य केलं आहे आणि माहिती-तंत्रज्ञान सुगम्य, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येईल असं, असावं असं कलम ४२ सांगतं. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. प्रकरण केवायसीचं, म्हणजे बँका वगैरे करतात त्या ग्राहकाच्या ओळख-पडताळणीचं होतं. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्या स्त्रियांना 'पापणी लववून दाखवा' असं सांगणारी पडताळणी पारच करता येत नव्हती, आणि अंध व्यक्तीला सेल्फी चौकटीत नीट बसवता येत नव्हता. हे उदाहरण मी आमच्या सभेत सांगितलं. त्यानंतर 'किती सभासद' हा प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही.

२. पडदा न बघता ऐका

एनव्हीडीए बसवल्यावर पहिल्यांदा तो बंद कसा करायचा ते शिका: इन्सर्ट आणि क्यू. बोलणं मध्येच थांबवायला कंट्रोलची कळ. मग आपलं पान उघडा आणि डोळे मिटा. एच दाबलं की पुढचं शीर्षक, के दाबलं की पुढचा दुवा, एफ दाबलं की पुढची फॉर्मची चौकट. इन्सर्ट आणि एफ७ दाबलं की पानावरच्या दुव्यांची आणि शीर्षकांची यादी समोर येते.

माझ्या पानाच्या यादीत 'अधिक वाचा' नावाचे अकरा दुवे होते. कुठला कार्यक्रमाचा, कुठला नियमांचा, काही कळायला मार्ग नाही. 'दिवाळी अंक योजनेची माहिती', 'वर्गणीचे दर' असं लिहिलं की दुवा एकटा ऐकला तरी अर्थ लागतो. 'येथे क्लिक करा' तर कायमचंच सोडा.

फोनवर टॉकबॅक सुरू केलात की बोटांच्या सगळ्या खुणा बदलतात. उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट ऐकू येते, उघडायला दोनदा टिचकी. आवाजाच्या दोन्ही कळा एकत्र काही सेकंद दाबून धरल्या की टॉकबॅक सुरू-बंद होईल, एवढी सोय सेटिंगमध्ये आधी करून घ्या. मी ती केली नव्हती आणि अर्धा तास अडकून पडलो.

३. पानाची भाषा सांगा

एका ओळीचं काम आहे आणि बहुतेक मराठी संकेतस्थळांवर चुकलेलं असतं. एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये लँग नावाचा गुणधर्म असतो. तयार थीम घेतली की तिथे 'ईएन' (en), म्हणजे इंग्रजी, तसंच राहून जातं. स्क्रीन रीडर त्यावर विश्वास ठेवतो आणि तुमचा मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली करतो. मग काही आवाज देवनागरी पाहून गप्प बसतात, काही अक्षरं सुटी सुटी उच्चारतात. हिंदी आवाजाकडे गेलं तर वाचन होतं, पण 'चमचा'मधला च हिंदी वळणाचा ऐकू येतो आणि ऐकणाऱ्याला प्रत्येक वाक्य मनात दुरुस्त करत बसावं लागतं.

मराठीसाठी 'एमआर' (mr) लिहा. वर्डप्रेस असेल तर सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी निवडा, म्हणजे हे आपोआप होतं. पानात मध्येच इंग्रजी परिच्छेद असेल तर तेवढ्या भागाला 'ईएन', कोंकणी असेल तर 'केओके' (kok). बदल केल्यावर सरांना फोन केला. ते म्हणाले, "आता कुणीतरी आपलं माणूस वाचतंय असं वाटतं."

४. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणा

आमची पुस्तकांची यादी एका डीटीपी केंद्रातून आली होती. पडद्यावर सुरेख मराठी दिसत होतं. स्क्रीन रीडरने मात्र ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ म्हणून वाचली.

कारण समजून घ्या. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं खरं तर साठवलेलीच नसतात. इंग्रजी अक्षरांच्या कोडवर मराठी आकार चढवलेले असतात. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कोड असतो. 'मराठी' हा शब्द कृतिदेवमध्ये आतून ई, जे, के, बी, एच अशा पाच इंग्रजी अक्षरांचा असतो. डोळ्याला आकार दिसतो म्हणून शब्द मराठी वाटतो. यंत्राला ती पाच इंग्रजी अक्षरंच मिळतात. म्हणून असा मजकूर ऐकता येत नाही, शोधता येत नाही, चिकटवला की बिघडतो आणि मजकूर बोटांना ब्रेलमध्ये दाखवणाऱ्या ब्रेल डिस्प्लेवरही कचराच उमटतो.

ओळखायची खूण सोपी आहे. मजकुरातलं एक वाक्य निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी राहिलं तर युनिकोड आहे. इंग्रजी अक्षरं उमटली तर फॉन्ट परिवर्तक वापरून ते बदलावं लागेल. परिवर्तकावर डोळे झाकून विसंबू नका. जोडाक्षरं, रफार आणि 'ऱ्या' इथे तो हमखास चुकतो. 'दुसऱ्या', 'सूर्य', 'कॅलेंडर', 'ऑगस्ट' असे शब्द शोधून तपासा. आमच्या यादीत साडेसहा हजार नावं होती. दोन मुलींनी आणि मी मिळून ती संध्याकाळी वाचनालयात बसून तपासली.

याच जातीचं दुसरं दुखणं म्हणजे स्कॅन केलेली पीडीएफ. सही-शिक्क्याचं परिपत्रक स्कॅन करून चढवलं की ते फक्त चित्र असतं. स्क्रीन रीडर त्यावर पोचून मुका होतो. परिपत्रकाचा मजकूर पानावरच लिहा आणि सही-शिक्क्याची पीडीएफ सोबत ठेवा. जुनी कागदपत्रं असतील तर टेसरॅक्ट किंवा गूगल ड्राइव्हचं ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं साधन, मराठी वाचतं. नंतर एकदा माणसाने वाचणं भाग आहे, विशेषतः आकडे आणि तारखा.

आणि व्हॉट्सॲपची सवय. कार्यक्रम ठरला की कुणीतरी रंगीत पोस्टर करतं आणि तेच संकेतस्थळावर टाकतं. व्याख्यान कुणाचं, किती वाजता, कुठल्या सभागृहात, सगळं चित्रात. आमच्याकडे आता नियम आहे: पोस्टर चढवायचं असेल तर खाली चार ओळींत तीच माहिती लिहायची, नाहीतर पोस्टर चढणार नाही.

५. शीर्षकं खरी शीर्षकं करा

अक्षर मोठं आणि ठळक केलं म्हणून ते शीर्षक होत नाही. संपादकात 'शीर्षक २', 'शीर्षक ३' ही निवड करावी लागते. स्क्रीन रीडर वापरणारी माणसं पान वरून खाली ऐकत बसत नाहीत, शीर्षकांवरून उड्या मारत जातात. एका पानाला एकच पहिल्या पातळीचं शीर्षक आणि पुढे पातळ्या ओळीने, एवढं सांभाळा.

६. माउस बाजूला काढून ठेवा

माउस खरोखर काढा, लॅपटॉप असेल तर टचपॅड बंद करा. आता फक्त टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस आणि बाणांच्या कळांनी संपूर्ण अर्ज भरून पैसे भरण्याच्या पानापर्यंत जाऊन दाखवा. हात थरथरणारी, एका हाताने किंवा तोंडातल्या काडीने टंकणारी माणसं अशीच जातात.

तीन ठिकाणी अडकाल. माउस वर नेला तरच उघडणारा मेनू. दिसायला बटन, पण कोडमध्ये बटन नसून नुसता डिव्ह, म्हणजे साधी चौकट, असलेला चौकोन, ज्यावर टॅब थांबतच नाही. आणि आपण नेमके कुठे आहोत हे दाखवणारी चौकटीभोवतीची रेघ, जी 'बरी दिसत नाही' म्हणून थीमवाल्याने काढून टाकलेली असते. ती परत आणा, चांगली जाड करा.

धावती पट्टी असेल तर तीही इथेच पाहा. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ हलणाऱ्या मजकुराला थांबवायची सोय हवी, असं नियमावली सांगते. आमच्या मुखपृष्ठावर पान उघडताच प्रार्थना सुरू व्हायची. समितीला ती फार आवडायची. सरांना मात्र प्रार्थनेच्या आवाजात स्क्रीन रीडर ऐकू येत नव्हता आणि प्रार्थना थांबवायचं बटन शोधायला तोच आवाज लागत होता. आता ऐकायची असेल त्याने बटन दाबायचं.

७. अर्ज: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

माणूस संकेतस्थळावर येतो तो काहीतरी काम करायला, आणि ते काम अर्जातच अडतं.

प्रत्येक चौकटीला स्वतःचं लेबल हवं, आणि ते कोडमध्ये चौकटीशी जोडलेलं हवं. चौकटीत फिकट अक्षरांत लिहिलेली सूचना हे लेबल नव्हे. टंकायला लागलं की ती पुसली जाते आणि विसरायला होणाऱ्या माणसाला काय लिहायचं होतं ते कळत नाही. आपल्याकडच्या तीन चौकटींच्या नावाला 'आडनाव', 'नाव', 'वडिलांचे किंवा पतीचे नाव' अशी तीन वेगळी लेबलं द्या. खरं तर एकच 'पूर्ण नाव' पुरत असेल तर एकच चौकट ठेवा.

दुसरी अडचण फक्त आपली. मराठी कळफलकावर माणूस मोबाइल क्रमांक देवनागरी अंकांत लिहितो: ९८ पासून पुढे. अर्ज तपासणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेतली अंक ओळखायची नेहमीची खूण फक्त इंग्रजी अंकांना अंक मानते, म्हणून अर्ज म्हणतो, 'अवैध क्रमांक'. लिहिणाऱ्याला आपली चूक सापडत नाही, कारण चूक त्याची नसतेच. तपासणीच्या आधी देवनागरी अंक इंग्रजीत बदलून घ्या. पाच ओळींचं काम आहे. ते केलं आणि 'अर्ज जात नाही' म्हणून वाचनालयात येणारे फोन जवळपास थांबले. त्यात दिव्यांग फारसे नव्हतेच.

चूक झाली तर ती शब्दांत सांगा आणि चौकटीपाशी सांगा. नुसती लाल कडा रंग न ओळखणाऱ्याला दिसत नाही आणि अंध माणसाला कळत नाही. 'इनपुट अमान्य' ऐवजी 'मोबाइल क्रमांक १० अंकी हवा, तुम्ही ९ अंक लिहिले आहेत' असं लिहा. जन्मतारखेला दिनदर्शिकेचं चित्र देऊन महिने मागे मागे ढकलायला लावू नका, सरळ टंकू द्या. १९४८ सालच्या माणसाला किती वेळा मागे जावं लागेल याचा विचार करा.

वाकडीतिकडी अक्षरं ओळखायचा कॅप्चा काढा. ओटीपीची मुदत वाढवता येईल अशी ठेवा आणि मुदत संपली म्हणून आधी भरलेला अर्ज पुसू नका. स्क्रीन रीडरने संदेश उघडून सहा अंक ऐकून परत यायला आपल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो.

आणि भाषा. 'सदर अर्ज परिपूर्ण भरून विहित नमुन्यात सादर करावा' हे कशासाठी? 'सगळ्या चौकटी भरा आणि पाठवा' पुरतं. अनेक कर्णबधिर व्यक्तींची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते, लिहिलेली मराठी त्या नंतर शिकतात. अवघड सरकारी मराठी त्यांच्यासाठी दुहेरी भिंत ठरते.

८. चित्रं, रंग, अक्षरं

चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचेल असं वर्णन, द्या, पण 'फोटो' किंवा 'चित्र १' असा नको. फोन करून मित्राला सांगाल तसं लिहा: 'वाचनालयाच्या दाराला आता उतार बांधला आहे'. नुसत्या शोभेच्या नक्षीचा पर्यायी मजकूर रिकामा ठेवा, म्हणजे स्क्रीन रीडर ती ओलांडून जाईल.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ असावा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. आपल्याला भगवी पट्टी आणि तिच्यावर पांढरी अक्षरं फार आवडतात. एफएफ९९३३ (FF9933) हा रंगसंकेत असलेल्या नेहमीच्या केशरीवर पांढऱ्या अक्षरांचा फरक जेमतेम २.१ भरतो. त्याच केशरीवर काळी अक्षरं ठेवली तर तो जवळपास ९.९ होतो. पट्टी तीच, फक्त अक्षरांचा रंग बदला.

देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार-ऋकार असतात, म्हणून इंग्रजीसाठी ठरवलेलं ओळींचं अंतर कमी पडतं. मी १.७ पट ठेवतो. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका, शिरोरेषा तुटते. 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हे फॉन्ट मोफत आहेत आणि लहान आकारातही वाचता येतात. शेवटी ब्राउझरमध्ये पान ४०० टक्के मोठं करा. आडवं सरकवावं लागलं किंवा मेनूने मजकूर झाकला, तर मांडणी दुरुस्त करायला हवी.

९. व्हिडिओ

व्याख्यानांना मराठी उपशीर्षकं, म्हणजे बोललेले शब्द व्हिडिओखाली लिहून दाखवणाऱ्या ओळी, द्या. यूट्यूबवर उपशीर्षकांची फाइल चढवता येते. वेळ नसेल तर निदान शब्दांकन खाली जोडा.

१०. करार करताना हे लिहून घ्या

बाहेरच्या माणसाकडून काम करून घेणार असाल तर तोंडी 'हो' पुरत नाही. करारात या चार गोष्टी लिहा:

- डब्ल्यूसीएजी २.२ डबल ए पाळलं जाईल.
- सगळा मजकूर युनिकोडमध्ये असेल.
- शेवटचा हप्ता स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तीने अर्ज पूर्ण भरून दाखवल्यावरच दिला जाईल.
- पुढच्या दुरुस्त्यांची मुदत.

दोन सापळे. पहिला: 'एक बटन बसवा, संकेतस्थळ लगेच सुगम्य' असं सांगून विकली जाणारी तयार पट्टी. अक्षर लहान-मोठं आणि रंग उलटसुलट करण्यापलीकडे तिने आमच्या अर्जाचं एकही लेबल दुरुस्त केलं नाही, आणि ज्याच्याकडे स्क्रीन रीडर आहे त्याला ही पट्टी अडथळाच वाटते. दुसरा: लाइटहाउसचे १०० गुण. यंत्राला पर्यायी मजकूर आहे एवढंच कळतं, तो खरा आहे की नाही ते कळत नाही. माझ्या पहिल्या पानाला ९१ मिळाले होते.

११. खऱ्या माणसांसोबत बसा

दोन-तीन व्यक्ती पुरतात, पण वेगवेगळ्या: एक अंध, एक अंधुक दिसणारी, जमल्यास एक कर्णबधिर. त्यांच्या वेळेचं मानधन द्या. ओळखीत कुणी नसेल तर मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाचं दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र आणि वरळीची नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड), पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन, अशा संस्थांकडे विचारता येईल. बसल्यावर सूचना देऊ नका. 'वर जा, डावीकडे लाल बटन आहे' हे तोंडून निघतंच, ते गिळा. त्या कुठे थांबल्या, किती वेळा मागे गेल्या, एवढंच लिहून घ्या.

आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ ठेवा: 'हे पान वापरताना अडचण आली तर या क्रमांकावर फोन करा.' तो क्रमांक कुणाच्या टेबलावर वाजतो ते ठरवा, आणि त्या व्यक्तीला सांगून ठेवा की फोन आला तर अर्ज स्वतः भरून द्यायचा नाही. आधी विचारायचं, नेमकं कुठल्या चौकटीत अडलं, आणि ते त्याच दिवशी मला कळवायचं. आमच्याकडे ही वही ग्रंथपाल ताईंकडे असते. शेवटची नोंद मागच्या महिन्यातली आहे, सरांचीच: पुस्तक राखून ठेवल्यावर 'झालं' असं पान काही बोलत नाही. पडद्यावर ती हिरवी पट्टी येते, पण स्क्रीन रीडरला कळवायची खूण मी द्यायला विसरलो होतो. आता दिली आहे.